भिंतीतली ओल आणि मीटरवरचा आकडा

आपल्या प्रश्नाचा आशय थोडक्यात असा आहे. मुलुंडमधील २८ वर्षे जुन्या, तळमजला अधिक चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या एका सदनिकेत शयनगृहाच्या भिंतीला छताच्या कोपऱ्यापासून खाली सुमारे तीन फुटांपर्यंत ओल आली आहे. त्या कोपऱ्याच्या बरोबर वर चौथ्या मजल्याचे न्हाणीघर आहे आणि भिंतीची दुसरी बाजू डक्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या मोकळ्या जागेत, उघडी आहे. वॉटरप्रूफिंगच्या कंत्राटदाराने दोन पिनांचे मीटर भिंतीला टेकवून ‘३८ टक्के’ दाखवले आणि वरचे न्हाणीघर पूर्ण फोडावे लागेल असे सांगितले, तर वरच्या सभासदांना ते मान्य नाही. संस्थेचे सचिव म्हणून आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत : ३८ टक्के म्हणजे नेमके काय, आणि असे वाद मिटवण्यासाठी संस्थेने कोणते उपकरण घ्यावे. इमारतींमधील गळतीचे निदान हेच काम मी गेली अनेक वर्षे करीत आलो आहे. त्यामुळे उत्तर थोडे लांबले तरी सविस्तरच देतो, कारण चुकीच्या निदानावर फोडलेले न्हाणीघर आणि त्यानंतरही तशीच राहिलेली ओल मी बऱ्याच वेळा पाहिली आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की भिंतीत ३८ टक्के पाणी आहे, असा त्या आकड्याचा अर्थ मुळीच नाही. भाजलेल्या विटेसाठी भारतीय मानक आयएस १०७७ मध्ये पाणी शोषण्याची मर्यादा वजनाच्या २० टक्के आहे आणि अधिक मजबूत वर्गातील विटांसाठी ती १५ टक्के आहे. म्हणजे चांगली वीट २४ तास पाण्यात बुडवून ठेवली तरी ती ३८ टक्क्यांच्या जवळपासही जात नाही. काँक्रीट पूर्ण भिजले तरी त्यातले पाणी वजनाच्या पाच-सहा टक्क्यांच्या आसपासच असते. अपवाद एएसी ब्लॉकचा, म्हणजे आत हवेचे बुडबुडे असलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्याचा. तो हलका आणि सच्छिद्र असल्यामुळे वजनाच्या तुलनेत पुष्कळ पाणी धरून ठेवतो आणि कारखान्यातून बाहेर पडतानाच त्यात बराच ओलावा असतो. आपली इमारत २८ वर्षांपूर्वीची, म्हणजे भिंत बहुधा विटांचीच असणार.

मग ३८ हा आकडा आला कुठून? पिनचे मीटर प्रत्यक्षात पाणी मोजत नाही. दोन पिनांच्या मधल्या पदार्थातून वीज किती सहज वाहते, म्हणजेच विद्युतरोध किती आहे, एवढेच ते मोजते. ही मीटरे मुळात लाकडासाठी बनली, आणि लाकडाच्या बाबतीत हा संबंध फार चांगला जुळतो. लाकडातला ओलावा ७ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर गेला की त्याचा विद्युतरोध हजारो पटींनी घटतो, त्यामुळे मधला प्रत्येक टक्का मीटरला वेगळा ओळखता येतो. साधारण २८ ते ३० टक्क्यांवर लाकडाचे तंतू संपृक्त होतात आणि त्यापुढचे आकडे लाकडातही विश्वासार्ह राहत नाहीत. हेच मीटर आपण गिलाव्याला टेकवतो तेव्हा ते सांगते की ‘इतकी वीज वाहू देणारे लाकूड असते, तर त्यात इतका ओलावा असता’. त्या आकड्याला लाकूड-समतुल्य आकडा म्हणता येईल. तो निरुपयोगी नाही. मात्र तो फक्त त्याच भिंतीच्या, त्याच पदार्थाच्या, कोरड्या भागाशी तुलना करण्यासाठी वापरायचा असतो. कंत्राटदाराने त्याच भिंतीच्या कोरड्या टोकाला आणि समोरच्या भिंतीवर किती आकडा आला हे दाखवले होते का? ते दाखवले नसेल, तर एकट्या ३८ वरून काहीही ठरत नाही.

त्यातून मुंबईसारख्या समुद्रकाठच्या शहरात क्षारांची मोठी अडचण आहे. वीज पाण्यातून वाहते ती त्यात विरघळलेल्या क्षारांमुळे. खाऱ्या वाळूचा गिलावा, समुद्रावरून येणारे खारे वारे, बोअरवेलच्या पाण्याने झालेले बांधकाम किंवा जुन्या गळतीने विटांतून ओढून पृष्ठभागावर आणलेले क्षार यांपैकी काहीही असले, तरी अगदी थोड्या ओलाव्यावरही मीटर भरमसाट आकडा दाखवते. शिवाय हे क्षार हवेतली आर्द्रता शोषतात. त्यामुळे गळती दहा वर्षांपूर्वी बंद झालेली असली तरी दर जुलैमध्ये तो डाग पुन्हा ओला दिसतो आणि घरातल्यांना वाटते की काम फसले. माहीमच्या किनाऱ्याजवळच्या एका इमारतीत मी पिनच्या मीटरवर पूर्ण लाल पट्टी पाहिली होती. त्याच जागेचा चुरा काढून भट्टीत वाळवला, तेव्हा त्यात दोन टक्क्यांहूनही कमी पाणी निघाले. त्या भिंतीला वॉटरप्रूफिंगची गरजच नव्हती. क्षारांनी भरलेला गिलावा खरवडून नवा केला एवढ्यावर काम झाले.

दुसरा प्रकार पिनलेस मीटरचा. त्याची सपाट पाठ भिंतीवर ठेवली की ते आत एक सौम्य विद्युत क्षेत्र सोडते. अशा क्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो हे सांगणारा आकडा म्हणजे परावैद्युत स्थिरांक. कोरडे वीटकाम आणि काँक्रीट यांचा तो साधारण ४ ते ६ असतो आणि पाण्याचा ८० च्या घरात, त्यामुळे आत थोडे पाणी असले तरी मीटरला ते कळते. भिंतीला भोके पडत नाहीत आणि एका मिनिटात वीस ठिकाणची नोंद होते, हा त्याचा मोठा गुण आहे. मात्र ते साधारण एक ते तीन सेंटिमीटर खोलीपर्यंतच पाहते, आणि त्यातही पृष्ठभागाजवळच्या थराला जास्त महत्त्व देते. धातूपुढे तर ते पुरते फसते. विटा आणि काँक्रीट यांच्या सांध्यावर गिलाव्याखाली मारलेली कोंबडी-जाळी, बीमची सळई किंवा विजेच्या तारांची लोखंडी नळी (कंड्युट) यांवर मीटर आले की आकडा एकदम वर जातो. छताच्या कोपऱ्यात नेमका बीम असतो, हे आपल्या प्रकरणात विशेष लक्षात ठेवावे. फार खोलवर पाहणारी मायक्रोवेव्ह मीटरेही मिळतात, आणि क्षारांचा परिणाम त्यांच्यावर कमी होतो, पण ती महाग असतात आणि गृहनिर्माण संस्थेला त्यांची गरज पडत नाही.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. मीटर कोणतेही असो, एका ठिकाणच्या आकड्यातून पाण्याचा उगम कळत नाही. तो कळतो आकड्यांच्या नकाशातून, आणि त्याहीपेक्षा तो नकाशा दिवसांगणिक कसा बदलतो यावरून. म्हणून मी भिंतीवर प्रथम पेन्सिलने २० सेंटिमीटरच्या चौकटी आखतो. उभ्या रांगांना क, ख, ग अशी नावे देतो, आडव्या रांगांना आकडे देतो, आणि प्रत्येक छेदावर मीटर टेकवून वहीत नोंद करतो. पिनलेस मीटर प्रत्येक वेळी त्याच दिशेने आणि सारख्याच दाबाने धरायचे. पिनचे मीटर वापरत असल्यास दोन्ही पिना आडव्या ठेवायच्या आणि दरवेळी तशाच ठेवायच्या. डागाच्या बाहेर, चारही दिशांना आकडे कोरड्या भागाइतके खाली येईपर्यंत मोजत जायचे. डाग दिसतो तिथेच मोजणे ही सर्वात मोठी चूक आहे, कारण डोळ्यांना दिसणारा डाग आणि प्रत्यक्ष ओलसर भाग यांच्या कडा क्वचितच जुळतात. रंग आणि पुट्टी पाण्याला अडवतात, आणि ते वाट मिळेल तिथे बाहेर पडते.

ठाण्यातील एका सदनिकेतली वही अजून माझ्याजवळ आहे. शयनगृहाच्या भिंतीला खालून अडीच-तीन फूट ओल होती, पलीकडे त्याच घराचे न्हाणीघर होते, आणि फरशीखालचे वॉटरप्रूफिंग गेले आहे असे सर्वांचे ठाम मत होते. पिनलेस मीटरच्या शंभरच्या मापावर कोरड्या भागात १५ ते १८ येत होते. स्कर्टिंगजवळ आकडे चाळिशीत होते. फरशीतून पाणी चढत असते तर सर्वात मोठा आकडा तळाशी यायला हवा होता आणि वर जाताना तो हळूहळू कमी व्हायला हवा होता. प्रत्यक्षात तळापासून वर जाताना आकडे वाढत गेले, ९० सेंटिमीटर उंचीवर एका ठिकाणी ७८ आला, आणि त्याच्या वर दोनच चौकटींत पुन्हा विशी गाठली. पाणी त्या उंचीवर शिरत होते आणि गुरुत्वाने खाली उतरून तळाशी पसरत होते. पलीकडच्या बाजूला मोजपट्टी लावली, तेव्हा ती जागा बरोबर गरम-थंड पाण्याच्या मिक्सर नळाच्या मागे आली. चार टाइल काढल्यावर भिंतीत बुजवलेल्या (कन्सील्ड) पाइपच्या काटकोनी जोडाचा, म्हणजे एल्बोचा, आटा पाझरताना दिसला. फरशीला हातही लावावा लागला नाही.

तळमजल्याच्या घरांत, विशेषतः कोकणात आणि गोव्यात जांभ्याच्या घरांत, नकाशा याच्या उलट दिसतो. जांभा सच्छिद्र असतो आणि जुन्या घरांच्या जोत्यावर ओल अडवणारा थर बहुधा नसतो, म्हणून जमिनीतले पाणी केशाकर्षणाने वर चढते. तिथे तळाशी सर्वात मोठे आकडे येतात, मीटरभर किंवा थोडे अधिक वर जाईपर्यंत ते उतरत जातात आणि वरच्या काठावर क्षारांची पांढरी रेघ दिसते. तिसऱ्या मजल्यावर हा प्रकार असूच शकत नाही, तरीही जमिनीतून चढणाऱ्या ओलीवरची इंजेक्शने वरच्या मजल्यावरील भिंतींना दिलेली मी पाहिली आहेत.

थर्मल कॅमेऱ्याविषयी लोकांचा फार मोठा गैरसमज आहे. तो भिंतीच्या आत पाहत नाही आणि पाणीही पाहत नाही. तो पृष्ठभागाचे तापमान दाखवतो. ओल्या जागेवरून बाष्पीभवन होत असले की ती जागा अर्धा-एक अंश थंड पडते, आणि चांगला कॅमेरा अंशाच्या दहाव्या भागाहूनही लहान फरक पकडतो, म्हणून डाग दिसतो. पण भर पावसाळ्यात हवेची आर्द्रता ९० टक्क्यांच्या पुढे गेली की बाष्पीभवन जवळजवळ थांबते आणि ओली भिंतही कोरड्या भिंतीइतक्याच तापमानाची दिसते. अशा वेळी मी खोलीचा एसी तास-दोन तास चालू ठेवून हवा कोरडी करायला सांगतो आणि मग कॅमेरा लावतो. गच्चीवर हेच गणित उलटते. पाण्याची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता जास्त असल्याने, दिवसभर ऊन पडले असेल तर सूर्यास्तानंतर कोब्याखालचा भिजलेला भाग कोरड्या भागापेक्षा उशिरा थंड होतो आणि चित्रात उबदार दिसतो. चकचकीत टाइलवर तर कॅमेऱ्यासमोर उभ्या माणसाच्या अंगाच्या उष्णतेचेच प्रतिबिंब उमटते. म्हणून कॅमेऱ्याने संशयाची जागा शोधायची आणि मीटरने ती तपासायची, हा क्रम मी कधीच मोडत नाही. नुसत्या रंगीत छायाचित्रांचा अहवाल कोणी दिला, तर सोबत मीटरच्या नोंदी मागाव्यात.

जे उपकरण सर्वात स्वस्त आहे आणि ज्याच्याकडे सर्वात जास्त दुर्लक्ष होते, ते म्हणजे खोलीचे तापमान आणि आर्द्रता दाखवणारे साधे थर्मो-हायग्रोमीटर. हवा ३० अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे २७ अंश येतो. म्हणजे २७ अंशांहून थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर पाणी जमणारच. शेजारच्या खोलीत एसी रात्रभर २२ वर चालत असेल आणि मधली भिंत चार इंचीच असेल, तर अलीकडच्या बिगर-एसी खोलीत त्या भिंतीला घाम फुटतो आणि काही आठवड्यांत बुरशी धरते. एसीच्या तांब्याच्या नळीवरचे आवरण फाटले असेल, तरी खोट्या छताच्या आत रात्रभर थेंब गळतात आणि आळ येतो वरच्या न्हाणीघरावर. अशा वेळी पृष्ठभागाचे तापमान मोजून ते दवबिंदूशी ताडून पाहिले की पाच मिनिटांत उलगडा होतो.

स्वस्त हायग्रोमीटरचा आकडा बऱ्याच वेळा पाच-दहा टक्क्यांनी चुकीचा असतो, पण तो घरीच तपासता येतो. बाटलीच्या झाकणात स्वयंपाकाचे मीठ घ्यावे, ते चिखलासारखे दाट होईल एवढेच पाणी घालावे, आणि ते झाकण व हायग्रोमीटर एका घट्ट बंद डब्यात सात-आठ तास शेजारी-शेजारी ठेवावे. मिठाच्या संपृक्त द्रावणावरच्या हवेची आर्द्रता आपल्याकडच्या तापमानाला ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मीटर ७५ ऐवजी ८१ दाखवत असेल, तर ते सहा टक्क्यांनी जास्त दाखवते हे त्याच्या पाठीवर लिहून ठेवावे.

ओल भिंतीतून येते की खोलीतल्या हवेतून, हे ओळखण्याचा आणखी एक बिनखर्ची उपाय आहे. साधारण दीड फूट लांब-रुंद जाड पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने भिंतीवर घट्ट चिकटवून दिवसभर ठेवावे. थेंब प्लास्टिकच्या मागे, भिंतीकडच्या बाजूला जमले तर पाणी भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला जमले तर हवेतली आर्द्रता थंड पृष्ठभागावर बसते आहे.

पावसाळ्यातील लाकडाच्या आकड्यांबद्दलही एक सूचना करतो. ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असलेल्या हवेत लाकूड नुसते उघडे राहिले तरी १७-१८ टक्क्यांवर जाते. म्हणून जुलैमध्ये दाराच्या चौकटीवर १८ आला म्हणजे गळती सिद्ध होत नाही. पण पावसाळा सरल्यावर, डिसेंबरमध्येही चौकटीच्या पायाशी २० च्या वर आकडा टिकून असेल, तर लाकूड कुजण्याचा धोका आहे आणि तिथे पाणी कुठून येते याचा शोध तातडीने घ्यावा.

भिंतीत पाणी खरोखर किती टक्के आहे, हे सांगण्याची खात्रीची वाट वजनाची आहे. ड्रिलचा वेग कमी ठेवून, बिट तापू न देता, पृष्ठभागाचा पहिला सेंटिमीटर टाकून द्यायचा आणि आतला चुरा लगेच घट्ट बाटलीत भरायचा. प्रयोगशाळेत तो तोलून १०५ अंशांवर वाळवतात आणि पुन्हा तोलतात. पीओपी किंवा जिप्समचा गिलावा असेल तर तापमान ४०-४५ अंशांवरच ठेवावे लागते, नाहीतर जिप्समच्या स्फटिकातले बांधलेले पाणीही उडून जाते आणि कोरडी भिंत ओली ठरते. क्षारांचा संशय असेल तर त्याच चुऱ्याचा एक भाग वाळवण्याआधी वर सांगितलेल्या मिठाच्या द्रावणावर, ७५ टक्के आर्द्रतेत, वजन स्थिर होईपर्यंत ठेवतात. हवेतून तो जेवढे पाणी धरू शकतो, तेवढेच किंवा त्याहून कमी पाणी भिंतीत सापडले, तर ती ओल क्षारांनी हवेतून घेतलेली असू शकते. त्याहून स्पष्टपणे अधिक सापडले, तर पाणी दुसरीकडून येते आहे. ब्रिटनमधील बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंटने ही पद्धत त्यांच्या २४५ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत दिली आहे, आणि न्यायालयापर्यंत जाणाऱ्या वादात मी तिच्यावरच भर देतो.

जागेवरच उत्तर हवे असेल तर कार्बाइडची बाटली वापरतात. रस्त्याच्या आणि मातीच्या कामातल्या अभियंत्यांना ती ‘रॅपिड मॉइश्चर मीटर’ म्हणून ठाऊक आहे. चुरा आणि कॅल्शियम कार्बाइड बंद बाटलीत हलवले की पाण्याच्या प्रमाणात ॲसिटिलीन वायू तयार होतो आणि तळाच्या गेजवर त्याचा दाब टक्क्यांत वाचता येतो. हे टक्के ओल्या वजनावरचे असतात. कोरड्या वजनावर न्यायचे तर १० टक्क्यांचे ११.१ होतात. बाटली मोकळ्या हवेत आणि आगीपासून दूरच उघडावी, कारण तो वायू चटकन पेट घेतो.

ही सर्व मोजमापे पाणी कुठे आहे ते सांगतात. ते कुठून आले हे सिद्ध करायचे तर पाण्याचीच परीक्षा घ्यावी लागते. आपल्या प्रकरणात चार संशयित आहेत : वरच्या न्हाणीघराची फरशी, त्यातली नहाणी ट्रॅप (फरशीतल्या जाळीखालचे, सांडपाणी वाहून नेणारे भांडे) आणि सांडपाण्याची जोडणी, भिंतीतला पाण्याचा पाइप, आणि डक्टकडची बाहेरची भिंत किंवा तिथला उभा पाइप. त्यांना एकामागून एक वेगळे करायचे, एकाच दिवशी सगळे तपासायचे नाहीत.

सुरुवात वहीने करावी. खालच्या सदनिकेत रोज सकाळी आणि रात्री त्याच पंधरा-वीस ठिकाणचे आकडे घ्यावेत आणि शेजारी त्या दिवशीचा पाऊस लिहावा. हवामान खाते कुलाबा आणि सांताक्रूझ येथील सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांचा पाऊस रोज जाहीर करते, तो आपल्यासाठी पुरेसा आहे. मोठ्या सरीनंतर काही तासांत डक्टकडच्या रांगेत आकडे चढले आणि उघडीप मिळताच उतरले, तर बाहेरची भिंत दोषी. पाऊस असो-नसो, आकडे दिवसरात्र सारखेच राहिले, तर टाकीच्या सततच्या दाबाखालचा पाइप दोषी असण्याची शक्यता मोठी. सकाळच्या अंघोळींनंतर चढून रात्री उतरत असतील, तर फरशी किंवा सांडपाण्याची जोडणी पाहावी. चौथ्या मजल्यावरचे कुटुंब चार दिवस गावाला गेले असेल, तर ते चार दिवस सोन्यासारखे आहेत. त्या काळात त्यांच्या संमतीने व्हॉल्व्ह बंद ठेवावा आणि खालची नोंद एकही दिवस चुकवू नये.

त्यानंतर पाइपला हातपंपाने दाब देऊन पाहावे. गेजचा काटा अर्ध्या तासात खाली उतरला, तर पाइप गळतो आहे. पाइप निर्दोष निघाला तर नहाणी ट्रॅपचे तोंड बुचाने बंद करून फरशीवर दोन-तीन इंच रंगीत पाणी २४ ते ४८ तास साठवावे. खाली आकडे वाढले नाहीत, तर बूच काढून वेगळ्या रंगाचे पाणी ट्रॅपमधून सोडावे. पहिल्या चाचणीत कोरडी राहिलेली भिंत दुसऱ्या चाचणीत भिजली, तर फरशी निर्दोष आहे आणि दोष ट्रॅपच्या सांध्यात आहे. अशा वेळी पूर्ण न्हाणीघर फोडण्याऐवजी ट्रॅपभोवतीची दोन फूट जागा उघडून भागते. छतातून थेंब गळत असतील, तर ते स्वच्छ भांड्यात धरून क्लोरीन तपासण्याच्या किटने लगेच पाहावेत. पिण्याच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक क्लोरीन असावे असे आयएस १०५०० सांगते, त्यामुळे थेंबात क्लोरीन सापडले तर पाणी नळाच्या पाइपमधून येते असे मानायला सबळ आधार मिळतो. काँक्रीटमधून झिरपताना क्लोरीन नष्ट होते, म्हणून ते सापडले नाही तर पाइप निर्दोष ठरत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे.

हा सगळा खटाटोप खर्चाच्या वाटणीसाठीही लागतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती दुरुस्त करणे संस्थेकडे येते, तर न्हाणीघर, सिंक यांच्या अंतर्गत गळतीचा खर्च संबंधित सदनिकाधारकाने करायचा असतो. म्हणजे डक्टमधला उभा पाइप फुटला असेल तर वरच्या सभासदांना एक रुपयाही द्यावा लागणार नाही, आणि ट्रॅप गेली असेल तर संस्थेच्या निधीला हात लावता येणार नाही. मोजणी चालू असताना दोन्ही सदनिकाधारकांना समोर उभे करावे, वहीवर दोघांच्या सह्या घ्याव्यात. डोळ्यांसमोर चढलेला आकडा पाहिल्यावर वाद पुष्कळसा निवळतो, असा माझा अनुभव आहे.

दोन खबरदाऱ्या सांगणे आवश्यक आहे. ओल दिव्याच्या पॉइंटजवळ किंवा स्विचबोर्डजवळ असेल, तर पिना टोचण्याआधी त्या भागाचा एमसीबी बंद करावा. आणि चुरा काढण्यासाठी बीम किंवा खांबात ड्रिल करू नये. बीमच्या कोपऱ्यात गंजाचे तपकिरी ओघळ, सळईच्या रेषेत गेलेली भेग किंवा पोकळ वाजणारे काँक्रीट आढळले, तर तो विषय ओल मोजण्यापुरता उरत नाही. तिथे संरचना अभियंत्यालाच बोलवावे. इमारत १५ ते ३० वर्षे वयाची असताना दर पाच वर्षांनी संरचनात्मक तपासणी करण्याची तरतूद उपविधींत आहेच. २८ वर्षांच्या इमारतीची शेवटची तपासणी कधी झाली, ते याच निमित्ताने पाहून घ्यावे.

संस्थेने काय विकत घ्यावे, याचे माझे उत्तर छोटे आहे. एक चांगले पिनलेस मीटर, एक पिनचे मीटर आणि दोन हायग्रोमीटर एवढे पुरे. थर्मल कॅमेरा विकत घेऊ नये. गरज पडेल तेव्हा तो चालवता येणाऱ्या माणसाला बोलवावे. मीटर पाहताना एकच खात्री करावी, ती म्हणजे ‘टक्के’ दाखवणाऱ्या मापाबरोबर त्यात शून्य ते शंभर असे सापेक्ष मापही आहे का. भिंतींसाठी तेच वापरायचे असते. पिनच्या मीटरबरोबर तपासणीचा ठोकळा येतो, ज्यावर मीटरने ठरलेला आकडाच दाखवायला हवा. तो हरवू देऊ नये आणि दरवेळी मोजणीआधी मीटर त्यावर लावून पाहावे. मीटर वापरणारी व्यक्ती शक्यतो एकच असावी.

दुरुस्तीनंतर दुसऱ्याच आठवड्यात मीटर लावून ‘अजून ओलच आहे’ असे म्हणू नये. एका बाजूने वाळणाऱ्या वीटकामाला दर इंचाला सुमारे एक महिना, असा जुना ठोकताळा आहे, आणि पावसाळ्यात तर वाळणे जवळपास थांबते. पाहायचे ते एवढेच की जुन्याच चौकटींवरचे आकडे आठवड्यागणिक उतरत आहेत का. म्हणून पेन्सिलच्या खुणा पुसू नयेत, आणि पुट्टी व रंगाचे काम, दिवाळी तोंडावर आली असली तरी, त्या भिंतीचे आकडे समोरच्या कोरड्या भिंतीच्या जवळ येईपर्यंत काढू नये. आकडे महिनाभर उतरून मग एका पातळीवर अडले, तर उरलेली ओल क्षारांची आहे की दुसरी एखादी गळती शिल्लक आहे, हे चुऱ्याच्या चाचणीने ठरवावे. त्या वेळी वहीची पाने पाठवलीत, तर ती पाहून पुढचे सांगता येईल.